बडी अम्माची माती

रिसोडहून मालेगावकडे निघालं की पहिल्या वळणावर डाव्या हाताला रहीम बागवानाचा जामाचा बगीचा लागायचा. जाम म्हणजे पेरू. पेरू हा शब्द आमच्याकडे शाळेच्या पुस्तकात असतो, खायला जामच लागतात. बगीचा तरी कसला, सव्वा एकराचा तुकडा. पण त्याच्या मधोमध जे झाड उभं होतं त्याची ख्याती पार पोहरादेवीपर्यंत पोचलेली. त्या झाडाला सगळे बडी अम्मा म्हणायचे.

रहीमची बायको जमीला सून होऊन या घरात आली, त्या पावसाळ्यात तिच्या सासऱ्यानं ते लावलं होतं. छत्तीस वर्षं झाली. जमीलाचे गुडघे गेले, केस गेले, पण बडी अम्मा दरसाल वाकेस्तोवर लदबदायची.

रहीमचा धंदा कलमं बांधायचा. फांदीची साल बोटभर सोलायची, तिथं ओलं शेवाळ गुंडाळून वरून प्लास्टिक आवळायचं, दीड महिन्यानं पांढऱ्या मुळ्या दिसल्या की फांदी कापून पिशवीत लावायची. हे काम कुणालाही जमतं. रहीमचं वेगळेपण पुढं होतं. त्याच्याकडून कलम नेणाऱ्याला तो प्रत्येक कलमामागे घमेलंभर माती फुकट द्यायचा, बडी अम्माच्या बुडातली. पहिली मूठ स्वतःच्या उजव्या हातानं, बिस्मिल्ला म्हणून. बाकीची फावड्यानं.

"झाडालेबी माहेर लागते," तो सांगायचा. "नव्या खड्ड्यात माहेरची माती पडली का मुळी रडत नाई."

हे बोलणं लोकांना फार पटायचं. ज्या बायांना स्वतःला माहेरी जायला सणाशिवाय फुरसत मिळत नसे, त्या तर ती माती पदरात घेताना डोळे पुसायच्या. कुणी बुडाला हळदीकुंकू वाहून जायच्या, कुणी उदबत्ती लावून. रहीमभाईचा हात हिरवा, असं बाजारात कुणी म्हणालं की रहीम "अल्लाची मेहेरबानी" म्हणून मान खाली घालायचा आणि आतल्या आत बोटभर उंच व्हायचा. एवढा गर्व माणसाला माफ असावा. पण तसा तो माफ होत नाही, हे रहीमला त्या वर्षी कळायचं होतं.

चार वर्षांपूर्वी त्याची एकुलती पोरगी नाजिया मेडशीला दिली. जावई अरसलान, घरी विधवा आई, पाच एकर रान. मेडशीत सोयाबीन आणि तूर सोडून तिसरं पीक म्हणजे बांधावरचं गवत. रहीमनं पोरीसोबत दोनशे कलमं दिली आणि ट्रॉलीभर माती. दोनशे खड्डे, दोनशे घमेली, आणि दोनशे वेळा उजव्या हाताची मूठ. त्याचा खांदा आठ दिवस दुखत होता. मेडशीच्या लोकांनी पोरीच्या दागिन्यांकडे पाहिलंच नाही, सगळे ट्रॉलीभोवती जमले.

नाजियानं ती झाडं पोटच्या पोरांसारखी वाढवली. मोटरची चाबी तिच्या कमरेला असायची. तिसऱ्या वर्षी असे जाम लागले की सासू शेजारणींना बोलावून दाखवायची, "माह्या सुनेचा हात पाहा, बापावर गेली."

यंदा पोळा झाला आणि पहिलं झाड गेलं.

नाजियाचा फोन आला तेव्हा रहीम ओसरीवर पिशव्या भरत होता. "अब्बा, शेंड्याची पानं पिवळी पडली अन् आठ दिवसात अख्खं झाड वायलं. फळं तशीच लटकून हायेत, दगडासारखी. बाजूच्या दोन झाडायचंबी तसंच होऊन राह्यलं."

रहीमनं हातातली पिशवी खाली ठेवली. कारण असं झाड त्यानं पाहिलं होतं. गेल्या हिवाळ्यात बडी अम्माची पश्चिमेकडची एक जाडजूड फांदी अशीच पिवळी पडून वाळली होती. पहाटेच्या नमाजाआधी उठून त्यानं ती कापली, तुकडे केले आणि जमीलाच्या चुलीमागे नेऊन टाकले. कापल्या जागी शेण लिंपलं. कुणी विचारलंच तर 'म्हातारी झाली आता' म्हणायचं, हेही ठरवून ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि रहीमची तर सगळी इज्जतच त्या मुठीत होती.

म्हणून तो फोनवर बोलून गेला, "पानी जास्त झालं असन, बेटी. तुह्या हाताले अंदाज नाई राह्यला."

फोन स्पीकरवर होता. सासू शेजारीच तूर निवडत बसली होती.

रहीम बागवानाचा शब्द म्हणजे झाडांच्या बाबतीत शेवटचा शब्द. सासूनं त्याच संध्याकाळी मोटरची चाबी नाजियाच्या कमरेवरून काढून आपल्या बटव्यात टाकली. पाणी थांबलं तरी झाडं थांबली नाहीत. सात गेली, मग वीस, मग नाजियानं आकडा सांगणंच सोडलं. जितकी झाडं वाळली तितका तिचा हात काळा ठरत गेला. लोणच्याच्या बरणीला तिनं शिवायचं नाही. कोंबडी खुडूक बसली की तिच्यासमोर अंडी ठेवायची नाहीत. दूध नासलं तर आधी विचारायचं, तापवलं कुणी. "बापाचा हात हिरवा अन् पोरीचा जळका," असं सासू म्हणायची आणि पुरावा म्हणून पुढं जोडायची, "मी नाई म्हनत, तिचा बाप म्हनते."

हे सगळं जमीलाच्या फोनवर येत होतं. जमीला ते रहीमला ऐकवायची आणि त्याच्या तोंडाकडे पाहात राहायची. रहीम उठून बगीच्यात जायचा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात विनोद आला. विनोद म्हणजे आपला कृषी सहायक, तिशीतला, मोटरसायकलवर गावोगाव हिंडणारा. मेडशीहून अरसलाननं मुळ्या आणि माती तपासायला दिली होती, त्याचा कागद त्याच्याजवळ होता.

"चाचा, मर रोग हाय," तो ओसरीवर टेकत म्हणाला. "बुरशी. मातीत राहते, मुळीतून आत शिरते अन् पानी वर चढायची वाटच बंद करते. झाड तहानेनं मरते, बुडात कितीबी पानी असो."

"म्हंजे पान्यानं नाई?"

"ओल राह्यली तर जोर धरते. पन पान्यानं येत नाई. मातीनं येते." विनोदनं इकडेतिकडे पाहिलं. त्याची नजर भिंतीला उपड्या घातलेल्या घमेल्यांवर गेली, आणि मग बडी अम्माकडे. "मेडशीले आधी जामाचं झाडच नव्हतं चाचा. मंग माती कुठून गेली?"

विनोद उठला, झाडाजवळ गेला, आणि खिशातल्या चाकूनं बुडाशी, जमिनीच्या जरा वर, सालीची एक चिपटी काढली. आतलं लाकूड पांढरंपिवळं असायला हवं होतं. त्यात तपकिरी रेघा होत्या, चहाचा ओघळ कपड्यावर वाळतो तशा.

"हिलेबी हाय," विनोद हळू आवाजात म्हणाला. "जुनं झाड, मुळ्या खोल. चार-पाच वर्सापासून असन, पन दाखवून नाई राह्यली." त्यानं चिपटी परत जागेवर दाबून बसवली, जखमेवर पट्टी बसवावी तशी. "औषध नाई याले. झाड इथंच तोडायचं, मुळीसकट इथंच जाळायचं. अन् इथली माती बाहेर जाता कामा नाई. चपलेले लागलेलीबी नाई. ब्लिचिंग पावडरच्या पान्यात पाय धुवायचे अन् मंग भाईर पडायचं."

मग त्यानं तो प्रश्न विचारला ज्याची रहीम वाट पाहात होता. "तुमी आजवर किती जनायले माती देल्ली, चाचा?"

रहीमला गावं आठवायला लागली. गावं संपेनात.

"पुढच्या सोमवारी येतो, आपण यादी करू," विनोद म्हणाला.

"तवर कोनाले सांगजो नको, मेडशीलेबी नाई," रहीम म्हणाला. आपला आवाज आपल्यालाच भिकाऱ्यासारखा वाटला त्याला. विनोद भला माणूस. त्यानं मान हलवली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी गोपीचंद आणि भुरीबाई आले. पोहरादेवीकडच्या तांड्यातलं हे जोडपं दोन गाड्या बदलून आलं होतं. दरसाल दिवाळीच्या तोंडावर ही माणसं ऊसतोडीला बाहेर जायची आणि उन्हाळ्यात परतायची. दोन वर्षांपूर्वी गोपीचंदच्या मनानं घेतलं, आता बस, आता घरीच राहू. आपल्या तुकड्यात त्यानं साठ जाम लावले. कलमं रहीमची, माती बडी अम्माची. यंदा पहिला बहर धरणार होता.

"पंधरा वायले, रहीमभाई," गोपीचंद म्हणाला. तो रागानं आला नव्हता. उलट शरमेनं आला होता. "चूक आमचीच हाय. गाडीत जागा नव्हती म्हनून तवा तीसच घमेले नेले. एका घमेल्यात दोन खड्डे भागवले."

"लालच केली," भुरीबाई म्हणाली. तिनं दोन रिकाम्या गोण्या घडी करून काखेत धरल्या होत्या. "अर्ध्या माहेरावर पोरगी नांदते का? त्याहीले माती कमी पडली म्हनून गेले ते. आता पुरी नेतो, भाई. नाई म्हनू नका."

हीच ती वेळ होती. रहीमला ती नीट ओळखता आली, पुढं कधीही 'मला कळलंच नाही' असं म्हणायची सोय त्याला राहिली नाही. तोंड उघडायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. पण भुरीबाई बडी अम्मापाशी गेली, खाली वाकून दोन्ही हात खोडाला लावून तिनं बुडाशी कपाळ टेकवलं, नेमकं विनोदनं चिपटी दाबली होती तिथं.

"यंदा माती ओली हाय," रहीम म्हणाला. "नंतर नेजा."

"ओली तं ओली," गोपीचंद हसला. "आमी काय सुकी पाहून नेतो?"

जमीलानं चहा आणला. ती दारातून सगळं पाहात होती. रहीमनं फावडं घेतलं. पहिली मूठ उजव्या हातानं घालायची म्हणून तो वाकला, बिस्मिल्लाचा बि ओठांवर आला आणि तिथंच थांबला. रोगावर कुणी अल्लाचं नाव घेतं का? त्यानं मुकाट्यानं मूठ टाकली. मग फावडं. गोण्या भरल्या. भुरीबाईनं एक डोक्यावर घेतली, दुसरी गोपीचंदनं पाठीवर, आणि दोघं दुवा देत देत रस्त्याला लागले.

जमीलानं कप उचलले. "माह्या चुलीत तुमी हिवाळ्यात जे लाकूड आनून टाकलं," ती म्हणाली, "ते आतून काळं होतं. मले तवाच देसलं. मी म्हटलं, मानूस सांगन आज, सांगन उद्या."

रहीम फावड्याची माती पुसत राहिला.

"पोरगी माही तथी जळक्या हाताची झाली," जमीलाचा आवाज चढला, "अन् इथं लोकं तुमचे हात चुमून राह्यले. शरम वाटत नाई?"

चौथ्या दिवशी मेडशीहून निरोप आला. रविवारी येऊन पोरीला घेऊन जा. दिवाळीचे दिवस आहेत, घरात शुभ काही करावं तर हात आडवा येतो. कायमची म्हणत नाही, पण सध्या घेऊन जा. 'सध्या' या शब्दाचा अर्थ दोन्ही घरांना समजत होता.

रहीमनं कपडे बदलले. विनोद ठेवून गेला होता तो कागद घडी करून खिशात ठेवला.

"काय सांगान?" जमीलानं विचारलं.

"जे माह्या तोंडातून निघालं ते वापस घ्यायले चाललो," तो म्हणाला.

मालेगावला गाडी बदलून तो मेडशीच्या एसटीत बसला. दोन्ही बाजूंनी सोयाबीन निघून गेलेली काळी रानं पळत होती. कुठे हिरवं जामाचं झाड दिसलं की तो खिडकीतून मान वळवून पाहायचा, हे माझं तर नाही? निम्म्या वाटेत त्यानं धीर करून गोपीचंदला फोन लावला. मनात एक आशा होती, अजून गोण्या उघडल्या नसतील.

"टाकली ना, त्याच दिवशी!" पलीकडून गोपीचंद आनंदानं म्हणाला. "पंधराच्या पंधरा खड्ड्यात. अन् भुरीचं ऐका, जे पंचेचाळीस चांगले हायेत, त्यायच्याबी बुडात एक एक ओंजळ टाकली तिनं. म्हने त्याहीनं काय पाप केलं, त्यायले काहून उपाशी ठेवता?"

"मी येतो तुह्याकडे," रहीम म्हणाला. "एक-दोन दिसात येतो."

"या ना! बरकत होईन आमच्या घराले."

फोन बंद करून रहीमनं पुढच्या सीटच्या दांडीला कपाळ टेकवलं. विनोदनं सांगितल्यानंतरची ती माती. त्याआधीच्या सगळ्या घमेल्यांना अल्ला कदाचित अजाणपण म्हणून सोडून देईल. या दोन गोण्या त्याच्या मानेवर बसणार होत्या, आणि त्या उतरवणारा कुणी नव्हता.

मेडशीत नाजिया अंगणात उभी होती, शेजारी तिची कपड्यांची पेटी. ती बांधून तयार होती. दोन महिन्यांत पोरगी अर्धी झाली होती. बापाला पाहून तिनं ओढणी सारखी केली आणि दोन्ही हात ओढणीखाली घेतले. रहीमला तिचे ते लपवलेले हात दिसले, आणि मग त्याला पाण्याचा पेलाही नकोसा झाला.

"भाभी," त्यानं विहिणीला उभ्याउभ्याच सांगितलं, "पोरीचा कसूर नाई. पानी कारन नाई. रोग हाय, मर रोग. माह्या मातीतून आला. मले आधीपासून शक होता, तरीबी मी फोनवर खोटं बोललो."

विहीण खाटेवर बसली होती. बाई काही दुष्ट नव्हती. नवऱ्यामागं पाच एकर रान आणि एक पोरगा सांभाळलेली बाई, तिला आपलं घर बुडताना दिसत होतं आणि कुणाचा तरी हात त्याला कारण हवा होता. तिनं रहीमचं बोलणं पूर्ण ऐकलं. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रहीमभाई," ती म्हणाली, "बाप असावा तं असा. पोरीसाठी मानूस आपल्या सोन्यासारख्या मातीलेबी बदनाम करते."

"खरं सांगून राह्यलो, भाभी. हा कागद पाहा."

"कागदाले काय, लिहिन तसा कागद. तुमच्या बडी अम्माले दुनिया पुजते. तथी रोग? मी काय बह्याड हाय?"

आयुष्यभर जे नाव रहीमनं मुठीमुठीनं कमावलं ते आता भिंतीसारखं आडवं उभं होतं, आणि त्याचं खरं बोलणं त्या भिंतीवर आपटून परत येत होतं. त्याचं खोटं या घरानं एका दमात मानलं होतं. खरं मानायला कुणी तयार नव्हतं.

अरसलान आतापर्यंत खांबाला टेकून गप्प होता. तसा तो गप्पच राहणारा जावई. आई आणि बायको यांच्यामध्ये जो माणूस गप्प राहतो त्याला लोक समजूतदार म्हणतात. नाजिया काय म्हणत होती ते तिचं तिला ठाऊक. पण आता तो हलला. त्यानं करवत उचलली, बगीच्यात गेला, आणि थोड्या वेळानं वाळलेल्या झाडाच्या बुंध्याची एक चकती घेऊन आला. बशीएवढी चकती, तिच्या कडेनं तपकिरी रेघांचं वेटोळं.

"रोग तिथलाच असन तं असंच निशान बडी अम्माच्या पोटात देसन," तो म्हणाला. "अम्मी, गाडीत बसा. पाहून घेऊ."

"तोडा लागन तिले," नाजिया एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलली. "अब्बा, ते तोडू नका. मी येतो ना घरी. राहीन मी."

रहीमनं तिची पेटी उचलून परत घरात नेऊन ठेवली.

चौघं शेजाऱ्याच्या जीपनं रिसोडला आले तेव्हा दुपार टळली होती. विनोदला फोन केला, तोही आला. रहीमनं दुसऱ्या कुणाला करवत घेऊ दिली नाही. अरसलाननं दुसरं टोक धरलं. जमीला दाराच्या उंबऱ्यावर बसली, तिनं ओढणी तोंडात कोंबली होती. करवतीचा आवाज ऐकून रस्त्यावरची माणसं थांबली. रहीमभाई बडी अम्माला तोडतो आहे, ही बातमी रिसोडात पोचायला काही वेळ लागत नाही.

झाड पडलं ते फार आवाज न करता. वरच्या फांद्यांना हिरवे जाम होते, ते टपटप घरंगळले. रहीमनं बुंध्याची चकती कापली आणि विहिणीच्या मांडीवर मेडशीच्या चकतीशेजारी ठेवली.

बाईनं दोन्ही चकत्यांवरून बोट फिरवलं. एक लहान, एक मोठी; रेघा त्याच, रंग तोच. मग तिनं बटवा उघडला, मोटरची चाबी काढली आणि नाजियाचा हात ओढून तिच्या तळव्यावर ठेवली. जी झाडं पाजायला ती चाबी होती त्यातली निम्मी आता मेली होती आणि उरलेली मरणार होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी नाजियानं मूठ घट्ट मिटली आणि ती ढसाढसा रडली. सासूनं तिला कुशीत घेतलं. "घरी चाल," एवढंच म्हणाली.

रहीमची पोरगी वाचली. इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण तोवर कुंपणापाशी पंचवीस-तीस माणसं जमली होती, आणि त्यांच्या हातात पिशव्या होत्या. कुणी डबा आणला होता. सोजरबाई नावाची म्हातारी पदर पसरून उभी होती. बडी अम्मा गेली, आता तिची शेवटची माती तरी मिळावी, म्हणून आले होते सगळे.

रहीम फावडं आडवं धरून वाटेत उभा राहिला. "कोनी आत येऊ नका," तो ओरडला. "या मातीत मौत हाय. ज्यायनं ज्यायनं नेली, त्यायची झाडं मी मारली. ऐका माहं, मीच मारली!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. "सदमा बसला बिचाऱ्याले," कुणीतरी म्हणालं. सोजरबाई पुढं येऊन त्याची पाठ थोपटू लागली. "रडून घे बापू," ती म्हणाली, "लेकरावानी झाड होतं तुहं." विनोद एकेकाला बाजूला घेऊन समजावत होता, कागद दाखवत होता. काही जणांचे चेहरे बदलले, ते पिशवीची घडी करून निघाले. त्यांच्या शेतात काय वाळत होतं ते त्यांचं त्यांनाच आठवलं असावं. त्यातल्या एकानंही मागं वळून रहीमला सलाम केला नाही. रहीमला वाटलं, आता कुठं कुणीतरी खरं मानलं.

दिवस कलायला आला तशी मेडशीची मंडळी निघाली. विनोदनं फाटकाशी बादलीत ब्लिचिंग पावडर कालवून ठेवली होती. अरसलाननं पाय बुडवले, बूट धुतले. सासूनं धुतले. नाजिया शेवटी आली. तिच्या ओढणीच्या टोकाला गाठ होती, आणि गाठीत काहीतरी जड लोंबत होतं.

"काय हाय ते?"

नाजियानं गाठ मुठीत धरली. "एकच मूठ, अब्बा. झाडाले नाई टाकनार, कसम. डब्यात बंद करून ठेवीन. मले बाकी काय राह्यलं या घराचं?"

आयुष्यभर रहीमनं परक्या बायांच्या पदरात माती घातली होती. त्यानं पोरीच्या हातातून ओढणीचं टोक घेतलं. गाठ पक्की बांधलेली होती. सुटायला वेळ लागला. माती सुटून खाली पडली तेव्हा नाजियानं तोंड फिरवलं. त्यानं ओढणीचं ते टोक बादलीत बुडवून चोळलं, पिळलं, झटकलं.

मग तो खाली बसला. "पाय दे," म्हणाला.

"अब्बा, मी धुतो."

"दे."

त्यानं तिचे पाय एकेक करून मांडीवर घेतले. टाचेच्या भेगांत काळी माती बसली होती, नखांच्या कडेला, बोटांच्या बेचक्यात. लहानपणी ती याच बगीच्यात अनवाणी पळायची आणि जमीला ओरडायची, पाय धुवून आत ये. आता तो ते धुवून तिला बाहेर काढत होता. पावडरीचा वास नाकाडोळ्यांत जात होता, त्यामुळं तरी कुणाला काही सांगावं लागलं नाही. त्यानं काडीनं भेगा साफ केल्या. चपला घासल्या. जराशीसुद्धा राहू दिली नाही.

"पुढं मी आली तं असंच करान?" नाजियानं विचारलं.

"येजो तू," रहीम म्हणाला. "मनात येईन तवा येजो. पन जाताना माहेर पायाले लावून नेऊ नको."

जीप वळणाआड गेली. विनोद बुंध्याभोवती वाळलेल्या फांद्या रचत होता. बादलीत पाणी गढूळ झालं होतं. रहीमनं त्यातच आपले दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले आणि उजवा जरा जास्त वेळ आत ठेवला. मग बडी अम्माची चकती धुऊन, पुसून त्यानं एका पिशवीत घातली, आणि उंबऱ्यावर बसलेल्या जमीलाला विचारलं, पोहरादेवीकडे जाणारी पहिली गाडी सकाळी किती वाजता असते.